सात ताटल्या, पाच नावं

मिस ओथेला प्रिमस आमच्या सरकारी विमा-तपासणी खात्यात एकवीस वर्षं होत्या. त्यातली अकरा वर्षं माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटून होतं, पण त्यांना खुर्चीत बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. त्यांचं खरं ऑफिस म्हणजे त्यांची गाडी. मागच्या सीटवर अर्ज, जिल्ह्याचे नकाशे, नारिंगी कागदांचा गठ्ठा आणि चिखलात घालायचे वेगळे बूट. पुढच्या सीटवर खारी बिस्किटं आणि उकडलेल्या शेंगांची ओली पुडी. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. गाडीतून उतरताना आधी दार धरायच्या, मग एक पाय बाहेर टाकायच्या आणि तशाच जरा थांबायच्या. तेवढ्या वेळात समोरच्या बांधकामावरची माणसं त्यांना ओळखायची आणि निम्मी मागच्या बाजूनं पसार व्हायची.

"पळणाऱ्यांच्या मागे कोण जाईल या गुडघ्यांनी?" त्या म्हणायच्या. "जे शिडीवर अडकतात, तेवढ्यांनाच मी विचारते."

विचारायचं एकच असायचं. तुम्ही कुणासाठी काम करता, आणि पडलात तर दवाखान्याचं कोण बघणार?

आमच्या फ्लोरिडात छपरावर माणूस चढवायचा तर मालकानं त्याचा अपघाताचा विमा काढायला हवा, असा कायदा आहे. छपराच्या कामाचा विमा महाग, आणि चार-पाच माणसांच्या छोट्या ठेकेदाराला तो कुणी सहजासहजी देत नाही. म्हणून बरेच जण माणसं भाड्यानं देणाऱ्या कंपनीकडे जातात. ठेकेदार आपलीच माणसं कागदोपत्री त्या कंपनीच्या नावावर करतो आणि तिच्याकडून भाड्यानं परत घेतो. पगाराचा चेक कंपनीचा, विमा कंपनीचा. माणूस तोच, हातोडी तीच, ऊन तेच. फक्त कंपनीकडच्या यादीत त्याचं नाव असावं लागतं. नाव असेल त्याचा विमा. नाव नसेल तो माणूस छपरावर असूनही कुणाचाच नसतो.

हे सगळं मिस ओथेलांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, कारण त्या आल्याच तिकडून. तरुणपणी त्या अशाच एका कंपनीत टायपिस्ट होत्या. हायवेवर नखं रंगवायचं दुकान आणि मासेमारीच्या आमिषाचं दुकान, त्या दोहोंच्या मध्ये त्यांचं ऑफिस. मालक गोड बोलायचा, दर शुक्रवारी सगळ्यांना डोनट आणायचा. ठेकेदारांना विम्याचे दाखले पाठवायचं काम ओथेलांकडे. ते दाखले त्यांनी सात महिने पाठवले आणि त्यांच्यामागचा विमा त्याआधीच बंद पडलेला होता. हे कळलं तेव्हा एका माणसाचा हात करवतीत सापडला होता आणि हॉस्पिटलमधून त्याच्या बायकोचा फोन आला होता. फोन ओथेलांनीच उचलला.

"ती मला दाखल्याचा नंबर वाचून दाखवत होती," त्यांनी मला एकदा सांगितलं. "मीच टाईप केलेला. खाली सही मालकाची, पण अक्षरं माझी."

नंतर राज्याची माणसं खोकी घेऊन आली. मालक गायब. कुठली फाईल कुठे आहे हे सांगणारं एकच माणूस उरलं होतं. दोन दिवस खोकी भरून झाल्यावर आलेल्यांपैकी एक जण म्हणाला, बाई, आमच्याकडे अर्ज का करत नाही? त्यांनी केला. असं त्यांचं सरकारी आयुष्य सुरू झालं.

ज्या वर्षाबद्दल मी सांगते आहे, त्या वर्षी सहा आठवड्यांत तीन वादळं आमच्या जिल्ह्यावरून गेली. पहिल्यात उडालेल्या छपरांवर घातलेल्या निळ्या ताडपत्र्या दुसऱ्यानं नेल्या, दुसऱ्याच्या तिसऱ्यानं. ऑक्टोबरात टेकाडावर उभं राहिलं की खाली सगळा गाव निळा दिसायचा. छप्पर करणाऱ्यांना देवासारखा भाव आला. अलाबामातून, टेक्सासातून ट्रक भरभरून माणसं आली. ज्यानं कधी खिळा ठोकला नव्हता तोही गाडीवर 'छप्पर' असं रंगवून हिंडायला लागला. आणि या सगळ्यांवर नजर ठेवायला आमच्या ऑफिसात निरीक्षक चार. त्यातला एक पाठ धरून घरी बसलेला.

मिस ओथेला रोज तीन-तीन, चार-चार ठिकाणी काम थांबवायच्या. थांबवायचं म्हणजे नारिंगी कागद लावायचा. विमा दाखवा, दंडाचं ठरवा, मग पुढे काम करा. तोवर त्या जागेवर एक खिळाही ठोकायचा नाही. पूर्वी अशा वेळी ठेकेदार शिव्या द्यायचे, तेवढं त्या ऐकून घ्यायच्या. त्या वर्षी घरमालक शिव्या द्यायला लागले. दोन महिने ताडपत्रीखाली काढलेली म्हातारी माणसं अंगणात येऊन हात जोडायची. एका बाईंनी बागेतल्या नळाची रबरी नळी त्यांच्यावर धरली. ओल्या कपड्यांनी त्या ऑफिसात आल्या आणि मला म्हणाल्या, "रेना, टॉवेल आहे का? नसला तरी चालेल. आता काय, वाळेलच."

त्यांच्या स्वतःच्या घरावरही ताडपत्रीच होती. झोपायची खोली गळायची, म्हणून त्या आणि त्यांचा नवरा ल्युशस (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईंनाही आदरानं मिसच म्हणतात) दिवाणखान्यात गादी टाकून झोपायचे. ल्युशसनं उभी हयात फॉस्फेटच्या खाणीत काढलेली, छातीत धूळ साठलेली, त्यामुळे त्याला ओल सोसत नव्हती. त्यांच्या छपराचं काम हर्शेल गॅडी करणार होता. गॅडी त्यांच्या चर्चचा डीकन, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक. साठीचा, उंच, शब्दाचा पक्का माणूस. सगळ्या मंडळीची छपरं तोच करायचा, आणि कुणाचं आधी, कुणाचं नंतर हे त्याच्या खिशातल्या वहीत लिहिलेलं असायचं. आधी चर्च, मग मदर पेटवे, मग प्रिमस.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी चर्चच्या बायकांनी छपरावरच्या माणसांना जेवण करायचं ठरवलं. मिस ओथेलांनी अर्धी रजा टाकली आणि मॅकरोनी-चीजचा मोठा ट्रे घेऊन गेल्या. तळलेली कोंबडी होती, पालेभाजी होती, मक्याचा पाव होता. स्वयंपाकघराच्या प्रमुख मदर पेटवे; त्या चर्चमध्ये बायकांना सिस्टर म्हणतात आणि वडीलधाऱ्या बाईला मदर. वय शहाऐंशी, हातात कायम डाव.

"ओथेला, ताटल्या मांड," मदर म्हणाल्या.

"किती मांडू?"

"सात. डीकनचं मी वेगळं काढलंय. बघ, नीट मोज, नाहीतर एकाला उपाशी ठेवशील."

मिस ओथेलांनी सात कागदी ताटल्या मांडल्या. मला नंतर म्हणाल्या, मोजायचं नव्हतं गं. रजेवर होते. पण वर्षानुवर्षं छपरावरची डोकी मोजलेल्या बाईचा हात ताटल्या मोजतानाही तसाच चालतो.

गॅडीची माणसं पाच, हे त्यांना माहीत होतं. सहाच महिन्यांपूर्वी त्याच्या कंपनीची यादी त्यांच्या नजरेखालून गेली होती. जेवताना त्यांनी त्याला हसत हसत विचारलं, "काय डीकन, सगळे यादीवर आहेत ना?"

"सिस्टर प्रिमस," कोंबडीचं हाड बाजूला ठेवत गॅडी म्हणाला, "सगळे देवाच्या यादीवर आहेत."

सगळे हसले. त्याही हसल्या. त्या सातांत एक हैतीचा माणूस होता, विल्नेर नावाचा. चाळिशीचा, बारीक. त्यानं उठून सगळ्या बायकांना एकेक करून धन्यवाद दिले आणि पहिला तोच परत शिडी चढला. चर्चचं छप्पर चांगलंच उभ्या उताराचं होतं, मनोऱ्याच्या बाजूला तर फारच. कमरेला दोर लावलेले तीन-चारच दिसले. विल्नेरच्या कमरेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ऑफिसात आल्या तेव्हा मी कॉफी ओतत होते. त्यांनी पर्सही खाली ठेवली नाही.

"रेना, माणसं भाड्यानं देणाऱ्या त्या कंपनीला फोन लाव आणि गॅडीच्या माणसांची आजची यादी मागव."

मी फोन लावला. वीस मिनिटांत यादी फॅक्सवर आली. पाच नावं. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली आणि साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

आमचे साहेब प्रेविट. माणूस वाईट नव्हता, फक्त निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

"हे माझं चर्च आहे," मिस ओथेला म्हणाल्या. "आणि हा माणूस माझ्या घराचंही छप्पर करणार आहे. नियमाप्रमाणे तुम्हाला सांगायला आले."

"मग तू बाजूला हो. दुसरं कुणीतरी जाईल."

"कधी?"

प्रेविटनी भिंतीवरचा तक्ता पाहिला. "मंगळवार."

"आज गुरुवार आहे."

"ओथेला, मला दिसतो तक्ता."

"मंगळवारपर्यंत ते दोघं वरच असतील. बिनदोराचे."

प्रेविटनी खणातून वही काढली. मग म्हणाले, "तू मला हे सांगितलंस, असं मी लिहून ठेवतो. पुढचं तू ठरव. जायचं असेल तर साक्षीला रेनाला ने. पण माझं ऐकशील तर जाऊ नकोस. सुखानं मंगळवारची वाट बघ."

नंतर गावातले सगळे एकच म्हणाले: आदल्या संध्याकाळी गॅडीला एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं? दोघांना घरी पाठव, एवढंच तर सांगायचं होतं. मलाही गाडीत बसताना तेच वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं.

त्यांनी गाडी सुरू केली, पण जागेवरून हलवली नाही. म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी तसं केलं होतं मी. एक सुतारकामाचा ठेकेदार होता. त्याची बायको आजारी होती, मला दया आली. कागद लावला नाही, हळूच सांगितलं, एक माणूस यादीत नाही, उद्यापर्यंत नीट करा. तो म्हणाला, हो मॅडम, थँक्यू मॅडम. त्यानं काय नीट केलं? त्या माणसाला माझ्या नजरेआड दुसऱ्या टोकाच्या जागेवर पाठवलं. तिथे तिसऱ्या दिवशी परांची कोसळली." मग त्यांनी गियर टाकला. "तो माणूस चालतो आता. पायऱ्या चढता येत नाहीत. हे कुणाला सांगायचं नसतं, फाईल बंद आहे. तुला सांगितलं ते विसर."

मी विसरले नाही. पण त्या नोकरीत होत्या तोवर मी कुणाला सांगितलंही नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते. चर्चसमोर अक्षरं बदलता येणारा फलक उभा होता. त्यावर लिहिलं होतं, छप्पर होत आहे, देवाची स्तुती असो. मिस ओथेलांनी दार धरलं, एक पाय बाहेर टाकला आणि थांबल्या. कुणी पळालं नाही. वरून एकानं हात हलवला. त्याला वाटलं, आजही जेवण आलं.

गॅडी खाली आला. त्यांच्या हातातले कागद बघून त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"सिस्टर, हे काय?"

"डीकन, सात माणसं आहेत. यादीत पाच आहेत."

"मला माहीत आहे पाच आहेत! तीन वेळा फोन केला मी कंपनीला. वादळं झाल्यापासून ते छपरावरची नवी माणसंच घेत नाहीत. म्हणे, जानेवारीपर्यंत यादी बंद. मग मी काय करू?"

"स्वतःचा विमा काढायचा त्या दोघांचा."

"कोण देतंय? ज्यांना कुणीच विमा देत नाही त्यांच्यासाठी राज्याची ती शेवटची खिडकी, तिथे गेलो तर कागद यायला तीन आठवडे. तीन आठवडे हे चर्च उघडं ठेवू?"

"मग पाच जणांत करायचं."

"पाच जणांत महिनाअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत होत नाही. मी पाळकांना शब्द दिलाय." त्यानं आवाज खाली आणला. "ओथेला, ऐक. मी आत्ता त्या दोघांना खाली उतरवतो. तुझ्या डोळ्यांसमोर घरी पाठवतो. तू आलीच नाहीस असं समज."

मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा. मला वाटलं, आता हो म्हणतील. मी त्यांच्या जागी असते तर म्हटलं असतं.

"मी आलेय, डीकन," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना खाली बोलवा."

माणसं एकेक करून उतरली. तोपर्यंत चर्चचे धर्मगुरू, पाळक टिलमन, ऑफिसातून बाहेर आले. त्यांनी कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, "सिस्टर प्रिमस, हे दारावर लावणार?"

"दिसेल असं लावावं लागतं. दारावर नाही लावत." आणि त्यांनी तो नारिंगी कागद फलकाच्या खांबाला चिकटवला. चिकटपट्टी दोनदा वाकडी गेली. शेवटी टोक मी धरलं.

मदर पेटवे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. डाव हातातच होता.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी तुझं डोकं पुसलं होतं. आणि आज तू आमच्या डोक्यावरचं छप्पर काढलंस?"

"हो, मदर," मिस ओथेला म्हणाल्या.

यादीत नसलेल्या दोघांचे जबाब घ्यायचे होते. एक जण दहा मिनिटांपूर्वीपर्यंत तिथे होता, आता नव्हता. विल्नेर मात्र थांबला होता. त्यानं कमरेची खिळ्यांची पिशवी सोडून नीट गुंडाळली होती. मिस ओथेला त्याच्यासमोर उलट्या बादलीवर बसल्या आणि त्याला सावकाश समजावून सांगायला लागल्या. यादी म्हणजे काय, नाव नसणं म्हणजे काय, तुम्ही पडला असतात तर काय झालं असतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "उद्या काम आहे का?"

"इथे नाही."

"कुठे आहे?"

"ते मला सांगता येणार नाही."

"मॅडम, तुम्ही म्हणता, मी पडलो असतो." तो रागावला नव्हता, समजून घेत होता. "पण मी पडलो नाही. अकरा वर्षं झाली, मी पडलो नाही. आज मी चांगला आहे आणि आज माझं काम गेलं. यात मला काय मिळालं?"

मिस ओथेलांनी कागदावर पेन टेकवलं. मग त्यांनी त्याला त्याच्या आडनावाचं स्पेलिंग विचारलं.

परतीच्या वाटेवर त्या एका पेट्रोल पंपावर थांबल्या. पेट्रोल भरलं नाही. नुसत्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. मी शेंगांची पुडी पुढे केली, ती त्यांनी मांडीवर घेतली आणि न खाता तशीच परत दिली.

शनिवारी थंडीबरोबर पाऊस आला. गॅडीनं ताडपत्री स्वतः बांधली होती, चांगलीच बांधली होती, पण मनोऱ्याच्या बाजूनं वाऱ्यानं ती उचलली आणि रात्रभर पाणी थेट गायकवृंदाच्या जागेवर पडलं. पियानो गेला. गालिचा गेला. नवी गीतपुस्तकं फुगून उशांसारखी झाली. रविवारची प्रार्थना शेजारच्या हॉलमध्ये, घडीच्या खुर्च्यांवर झाली.

मिस ओथेला गेल्या. ल्युशस म्हणाला होता, या रविवारी राहू दे, पण त्या गेल्या. सोमवारी त्यांनी मला सांगितलं ते एवढंच, की त्यांच्या उजवीकडे दोन खुर्च्या रिकाम्या होत्या आणि डावीकडे दोन. हॉलमध्ये जागा कमी होती. मागे माणसं भिंतीला टेकून उभी होती.

"पाळक काही बोलले का?" मी विचारलं.

"नाही. चांगला माणूस आहे. प्रवचनात पावसाचा उल्लेखसुद्धा टाळला त्यांनी."

मग त्यांनी त्या दिवसाचा नकाशा उघडला आणि पहिल्या पत्त्यावर निघून गेल्या.

माझी अपेक्षा होती की केव्हातरी हे सुटेल. गोष्टींमध्ये सुटतं. कुठेतरी दुसऱ्या छपरावरून कुणीतरी पडेल आणि लोक म्हणतील, बघा, ओथेला बरोबर होती. तसं काही झालं नाही. गॅडीच्या कुठल्याच कामावर त्या वर्षी कुणी पडलं नाही, नंतरही नाही. चर्चला पियानो नसलेला सगळ्यांना दिसत होता. न पडलेला माणूस कुणाला दिसणार?

गॅडीला शेवटच्या खिडकीवरून विमा मिळाला, सव्वीस दिवसांनी. दंडाचे हप्ते बांधून मिळाले. काम ख्रिसमसच्या चार दिवस आधी संपलं. विल्नेर तेव्हा नव्हता. टोमॅटोच्या शेतांवर दक्षिणेला गेला, असं कुणी म्हणालं. मिस ओथेलांनी दोन-तीनदा त्याची चौकशी केली. तिकडच्या आमच्या ऑफिसातल्या बाईंनाही नाव कळवून ठेवलं. त्यातून काही निघालं नाही.

हिवाळाभर त्या आणि ल्युशस दिवाणखान्यातच झोपले. जानेवारीत ल्युशस छातीच्या दुखण्यानं आठ दिवस हॉस्पिटलात होता. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून तरी छप्पर करून घ्या. त्या म्हणाल्या, "कुणाकडून? गेल्या तीन महिन्यांत जिल्ह्यातल्या ज्याला ज्याला छप्पर करता येतं, त्याचं त्याचं काम मी एकदा तरी बंद केलंय." आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. त्या हिवाळ्यात त्यांना मी तेवढंच हसताना पाहिलं.

मार्चमध्ये एका सकाळी गॅडीचा ट्रक त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. वहीत मदर पेटवेंच्या नंतर प्रिमस लिहिलेलं होतं, आणि गॅडी वहीप्रमाणे चालणारा माणूस. खाली उतरून त्यानं मिस ओथेलांच्या हातात एक कागद दिला. कागदावर सहा नावं होती. मिस ओथेला पायरीवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी कागद बघत सहाही माणसं मोजली. प्रत्येकाला नाव विचारलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

काम तीन दिवस चाललं. एकही पट्टी वाकडी लागली नाही. तिन्ही दिवस त्या सकाळी निघताना बर्फ घातलेल्या गोड चहाची मोठी बरणी आणि पेले ओसरीवर ठेवून जायच्या. माणसं प्यायची. गॅडी ट्रकमधून आणलेलं स्वतःचं पाणी प्यायचा. शेवटच्या दिवशी त्यानं ल्युशसला तब्येत विचारली, त्याच्याबरोबर थोडा वेळ मासेमारीच्या गप्पाही मारल्या. मिस ओथेलांची गाडी वळणावर दिसली तशी टोपी घातली आणि निघाला.

त्यांनी चर्च सोडलं नाही. पुढे हळूहळू शेजारच्या खुर्च्या भरायला लागल्या. आधी लहान मुलं असलेल्या बायका बसल्या, त्यांना जागा लागतेच. मदर पेटवे दोन वर्षांनी गेल्या. त्यांच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणाला मॅकरोनी कुणी आणायची हे ठरवताना फोन मिस ओथेलांना आला, तेव्हा त्या कामावर होत्या. फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "चीज कुठे स्वस्त मिळतं गं हल्ली?" आणि मी समजले.

गॅडी मात्र त्यांना शेवटपर्यंत 'मिसेस प्रिमस' म्हणत राहिला. सिस्टर म्हणाला नाही.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा ऑफिसात केक कापला. प्रेविट कधीच गेले होते. नव्या साहेबांनी त्यांचं नाव चुकीचं उच्चारलं. एकवीस वर्षांत त्यांनी किती कामं थांबवली याचा आकडा मी काढून ठेवला होता, समारंभात वाचून दाखवावा म्हणून. त्यांनी तो कागद बघितला आणि म्हणाल्या, "हे वाचू नकोस, रेना. एवढ्या लोकांचा दिवस वाया घालवला, असं वाटेल ऐकणाऱ्याला." मी वाचला नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये मी त्यांना भेटायला गेले. दुपारचे तीन वाजले असतील. ल्युशसनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत खिडकीपाशी आरामखुर्चीत मिस ओथेला झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, चपला पायातून सुटलेल्या.

"अशीच झोपते हल्ली," ल्युशस हळूच म्हणाला. "सकाळी उठते, अंडी खाते, परत झोपते. डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, काही आजार नाही, दमल्या आहेत. मी म्हटलं, किती दिवस दमलेली राहणार? तो म्हणाला, ते मला कसं सांगता येईल?" त्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली. "उठवू का? तुला बघून खूश होईल."

"नको," मी म्हटलं.

मी अर्धा तास बसले. ल्युशसनं सरबत दिलं, नातवाचे फोटो दाखवले. बाहेर रस्त्यापलीकडे कुणाच्या तरी घरावर खिळे ठोकायचं यंत्र चालू होतं, फट् फट् फट्. त्या आवाजानंही त्यांची झोप मोडली नाही. निघताना मी आणलेली उकडलेल्या शेंगांची पुडी टेबलावर ठेवली आणि दार अलगद लावून घेतलं.